पेट्रोलचा टेम्पो विकून डिझेल पिकअप घ्यावी का?

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय ऐकून काहींनी मला विचारलं, ‘सर, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? डिझेल स्वस्त, अ‍ॅव्हरेज जास्त, ओढही जास्त. झालं!’ मीही असाच विचार केला होता, २०१२ साली. तेव्हा पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक होता. मी आयुष्यभर पॉलिटेक्निकमध्ये इंजिनं शिकवलेला माणूस. तरीही डिझेल कार घेतली, पेट्रोलच्या मॉडेलपेक्षा सव्वा लाख रुपये जास्त मोजून. आणि ती चालवली किती? घर ते कॉलेज. वर्षाला सहा हजार किलोमीटर. वरचे सव्वा लाख वसूल व्हायला तेव्हाच्या भावानं सात वर्षं लागली असती. पण जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला थोडं थोडं महाग होत गेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारनं त्याच्या भावावरचं नियंत्रणच काढून घेतलं. पेट्रोलवरचं तर २०१० मध्येच काढलं होतं. फरक आटला, माझे सव्वा लाख कायमचे अडकले. (हशा)

आज हा विषय पुन्हा काढायचं कारण माझा मावसभाऊ. दिंडोरी तालुक्यात त्याची टोमॅटो आणि द्राक्षं आहेत. त्याच्याकडे पेट्रोलवर चालणारा छोटा टेम्पो आहे, पाऊण टन पासिंगचा. गेल्या हंगामात त्याचा फोन आला, ‘दादा, टेम्पो काढून टाकतो, डिझेल पिकअप घेतो. दीड टन पासिंग. शोरूमवाला म्हणतोय, पाच वर्षांचा हप्ता बसेल.’ मी म्हटलं, ‘सही करू नकोस. आधी रविवारी ये, वही घेऊन ये.’ त्या रविवारी आम्ही दोघांनी जो हिशेब मांडला, तोच आज तुमच्यापुढे मांडतो. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात जमिनीनंतर सगळ्यात मोठं कर्ज बहुधा चाकांवरच असतं. ते चुकलं तर पुढचे पाच हंगाम त्याच्याखाली जातात.

आधी इंजिन समजून घेऊ

सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, हे तुम्ही सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनाचं सगळं मर्म एवढ्यात आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण साधारण दहापट दाबतात आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीनं पेटवतात. त्याहून फार दाबलं तर मिश्रण नको तेव्हा आपोआप पेटतं आणि इंजिन ठोके मारायला लागतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानं उलटा विचार केला. आधी नुसती हवाच दाबायची आणि ती इतकी तापवायची की तिच्यात इंधनाचा फवारा सोडला की ते आपोआप पेटलं पाहिजे. ठिणगी नकोच. १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला त्याचं इंजिन नीट चाललं. आजच्या डिझेल इंजिनात हवा पंधरा ते अठरा पट दाबली जाते. जितका दाब जास्त, तितकं त्याच इंधनातून काम जास्त.

दुसरी गोष्ट. पेट्रोल इंजिनाची ताकद कमी करायची तर हवेचं दार अर्धवट लावावं लागतं. म्हणजे इंजिन नाक दाबून श्वास घेतं. त्यात शक्ती वाया जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी येऊ देतात आणि कमी-जास्त करतात ते डिझेल. तिसरी गोष्ट, एक लिटर डिझेल एक लिटर पेट्रोलपेक्षा वजनानं जड असतं आणि त्यात ऊर्जाही दहा-बारा टक्के जास्त असते. ‘डिझेल अ‍ॅव्हरेज देतं’ असं आपण म्हणतो, त्यातला काही भाग इंजिनाच्या हुशारीचा आहे आणि काही नुसता इंधनाच्या वजनाचा.

आता हा फवारा उडवतो कोण? नाशिककरांनी हे उत्तर द्यायला हवं. सातपूरला जाताना आपण ‘मायको सर्कल’ म्हणतो. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. तिच्या सातपूरच्या कारखान्यात कित्येक दशकं डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर तयार होत आले आहेत. सायकलच्या ट्यूबमध्ये हवेचा दाब असतो तीन-चार बार. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात इंधनाचा दाब १६०० बार आणि त्याच्याही वर जातो, आणि ते बाहेर पडतं ती छिद्रं केसाच्या जाडीची. आता कळलं ना, घाणेरडं किंवा पाणी मिसळलेलं डिझेल गेलं तर इंजेक्टरचं बिल एवढं का येतं? दाब जास्त म्हणून इंजिन दणकट करावं लागतं, दणकट म्हणून जड, आणि जड म्हणून महाग. डिझेलचा फायदा आणि डिझेलची किंमत एकाच मुळातून येतात.

बैल आणि घोडा

आता ‘ओढ’ म्हणजे काय? बाजारातली दोन इंजिनं घेऊ. मारुतीच्या सुपर कॅरी या छोट्या पेट्रोल टेम्पोचं १.२ लिटरचं इंजिन साधारण ८० अश्वशक्तीचं आहे. महिंद्राच्या बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन ७५ च्या आसपास. म्हणजे कागदावर पेट्रोलच वरचढ. पण पिळाची ताकद, ज्याला आपण टॉर्क म्हणतो, ती पाहा. पेट्रोलची सुमारे १०४ न्यूटन-मीटर, डिझेलची २००. आणि डिझेलची ताकद कमी फेऱ्यांवरच मिळते. घोडा पळतो चांगला, पण चिखलात रुतलेली गाडी काढायला आपण बैलच जुंपतो ना? तसं आहे हे. अर्थात डिझेलचं इंजिन इथं आकारानं दुपटीचं आहे, तेही लक्षात ठेवा.

पण बैल कधी जुंपायचा? ओझं असेल तेव्हा. मावसभाऊ म्हणाला, ‘दादा, वाशीला जाताना कसारा घाट आहे की!’ मी विचारलं, ‘घाटात तू माल घेऊन चढतोस की उतरतोस?’ तो थांबला. नाशिकहून मुंबईला जाताना भरलेली गाडी कसारा घाट उतरते आणि येताना रिकामी चढते. तिथं इंजिनाच्या ओढीपेक्षा ब्रेक आणि योग्य गिअर महत्त्वाचा. पेठ-सुरगाण्याकडून माल भरून नाशिकला वर येणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी, त्याला ओढ खरोखर लागते. तेव्हा नुसतं ‘घाट आहे’ म्हणू नका. भरलेली गाडी कोणत्या दिशेनं जाते, ते पाहा.

डिझेलचं वेड आलं कुठून?

आपल्या गावांत डिझेल मोटारीच्या आधी विहिरीवर आलं. बुडबुडबुड करणारं ऑइल इंजिन ज्यानं सांभाळलं, त्याला डिझेल परकं वाटत नाही. महिंद्राच्या सुरुवातीच्या जीप पेट्रोलवर होत्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, आणि किती तरी लोकांनी जीपमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवून घेतलं. इथल्या जुन्या मेकॅनिकांनी अशी कामं केली आहेत. त्या काळात तो हिशेब बरोबरच होता. भावात मोठा फरक, इंजिन साधं, हातोडी-पान्यानं दुरुस्त होणारं.

नंतर दोन गोष्टी बदलल्या. एक, २०१४ मध्ये भाव खुले झाले, ते मी सांगितलं. दुसरी, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आणलं आणि धुराचे नियम कडक केले. डिझेलच्या धुराचा विषय साधा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच तो कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. बाजार समितीच्या आवारात रांगेत उभ्या गाड्या, चालू इंजिनं आणि शेजारी बसलेले हमाल, हे चित्र आपण रोज पाहतो.

पण धूर स्वच्छ करायची उपकरणं महाग असतात आणि छोट्या इंजिनाला तो खर्च पेलत नाही. म्हणून काय झालं बघा. सुपर कॅरी २०१६ मध्ये आली तेव्हा तिच्यात ७९३ सीसीचं डिझेल इंजिन होतं. बीएस-६ आल्यावर मारुतीनं डिझेल बंदच केलं. टाटांचा एस, आपला ‘छोटा हत्ती’, २००५ मध्ये आला तो डिझेलवर. २०२० मध्ये त्यालाही पेट्रोलचा पर्याय आला. म्हणजे छोट्या ओझ्याला पेट्रोल आणि मोठ्या ओझ्याला डिझेल, हा हिशेब कंपन्यांनी आधीच केलेला आहे. आपण आपला करायचा.

वहीतला हिशेब

आता आकडे. हे आमच्या वहीतले आहेत, तुम्ही तुमचे घाला. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९१ रुपये धरलं. भरलेला छोटा टेम्पो लिटरला १५ किलोमीटर देतो, भरलेली पिकअप १२.

टेम्पोला किलोमीटरमागे ६ रुपये ९३ पैसे. पिकअपला ७ रुपये ५८ पैसे.

म्हणजे डिझेलची गाडी किलोमीटरला महाग! मावसभाऊ चक्रावला. कारण आपण तुलना इंधनाची करत नव्हतो, दोन वेगवेगळ्या आकाराच्या गाड्यांची करत होतो. मग मोजायचं काय? किलोमीटर नाही, कॅरेट. टोमॅटोचं कॅरेट २० किलोचं, रिकाम्या कॅरेटचं वजन धरून २२. पाऊण टनात ३४ कॅरेट बसतात, दीड टनात ६८.

टेम्पो भरून गेला तर एका कॅरेटला किलोमीटरमागे २० पैसे. पिकअप भरून गेली तर ११ पैसे. जवळपास निम्मा खर्च! पण पिकअपमध्ये ३४ च कॅरेट टाकले तर? गाडी हलकी झाली म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं वाढेल, तरी खर्च पुन्हा २०-२२ पैशांवर येतो. म्हणजे अर्धी रिकामी डिझेल गाडी इंधनात काहीच वाचवत नाही, आणि हप्ता वर असतोच.

आता तो हप्ता. टेम्पो विकून आलेले पैसे घालूनही सहा लाख कर्ज लागणार होतं. साडेदहा टक्के व्याजानं पाच वर्षं, महिन्याला सुमारे १२,९०० रुपये. वर्षाचे १ लाख ५५ हजार. विमा, टायर, सर्व्हिसिंग यांचा वाढीव खर्च २५ हजार धरला. एकूण १ लाख ८० हजार. म्हणजे गाडी दारात उभी असली तरी रोजचे जवळपास ५०० रुपये. पावसाळ्यातल्या रिकाम्या दिवशीसुद्धा, आणि टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ येते त्या दिवशीसुद्धा.

हे १ लाख ८० हजार भरून कसे निघणार? दिंडोरीकडून पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जाऊन-येऊन ६० किलोमीटर धरले. ६८ कॅरेट न्यायला टेम्पोच्या दोन खेपा, इंधन ८३२ रुपये. पिकअपची एक खेप, ४५५ रुपये. वाचले ३७७. दुसऱ्या खेपेचा ड्रायव्हरचा खर्च ४०० धरला तर दिवसाला ७७७ रुपये वाचले. या वेगानं १ लाख ८० हजार वसूल करायला गाडी पूर्ण भरलेले २३० दिवस लागतात. नाशिक जिल्ह्यात टोमॅटोचा जोर ऑगस्ट ते नोव्हेंबर, आणि त्यातही रोज तोडणी नसते. २३० दिवस आणायचे कुठून?

आता वाशी. जाऊन-येऊन ३८० किलोमीटर. दोन खेपांऐवजी एका खेपेत इंधनाचे सुमारे २४०० रुपये वाचतात, टोल आणि ड्रायव्हरचे हजार धरले तर ३४०० च्या आसपास. वर्षात ५३ भरलेल्या खेपा झाल्या की गाडी स्वतःचा बोजा स्वतः उचलते. म्हणजे आठवड्याला एक. तीच गाडी, तोच हप्ता. पण एका माणसाला २३० दिवस लागतात आणि दुसऱ्याला ५३. ‘डिझेल परवडतं का?’ या प्रश्नाला एकच उत्तर का नसतं, ते यावरून कळेल.

काही जण यावर एक पळवाट काढतात. पाऊण टनाच्या टेम्पोत सव्वा टन भरायचं. ते करू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे. आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे उतारावर ब्रेक. ते पाऊण टनासाठी बनवलेले असतात.

फिल्टरचं दुखणं

बीएस-६ डिझेलमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा एक फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरला की गाडी स्वतःच एक्झॉस्ट तापवून साधारण ५५० ते ६०० अंशांवर ती काजळी जाळते. पण त्यासाठी इंजिन गरम आणि सलग चालू हवं. हायवेवर हे आपोआप होतं, चालवणाऱ्याला कळतही नाही. पण घर ते खळं, खळं ते घर, मध्ये दहा मिनिटं इंजिन चालू, अशा तुकड्या-तुकड्यांत गाडी वापरली तर फिल्टर तुंबतो. दिवा लागतो, आपण दुर्लक्ष करतो, गाडीची ताकद कमी होते आणि शेवटी वर्कशॉप. दिवा लागला की मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे गाडी थोडा वेळ मोकळ्या रस्त्यावर सलग चालवायची, काम अर्धवट असताना बंद करायची नाही. म्हणजे कमी अंतराच्या माणसाला डिझेल पैशांतही परवडत नाही आणि इंजिनालाही मानवत नाही.

मग काय ठरलं?

मी त्याला कोणतीही गाडी सुचवली नाही. म्हटलं, एक हंगाम वहीत तीनच रकाने ठेव. आज किती कॅरेट, किती किलोमीटर, आणि दुसरी खेप करावी लागली का. त्यानं ठेवले. हंगाम संपला तेव्हा पाऊण टनाच्या वर माल निघालेले दिवस भरले ४१. त्या ४१ दिवसांसाठी तो वर्षाचे १ लाख ८० हजार मोजायला निघाला होता. त्यानं टेम्पो ठेवला आणि मोठ्या तोडणीच्या दिवशी शेजाऱ्याची पिकअप भाड्यानं लावतो. तो शेजारी आठवड्यातून दोनदा वाशीला जातो, त्याची डिझेल त्याला उत्तम परवडते. दोघंही बरोबर आहेत.

मावसभावाला थोडं वाईट वाटलं, हे मी लपवत नाही. दारात पिकअप असण्याचा एक मान असतो, सोयरीक जुळवताना लोक बघतात. (हशा) हसू नका, तोही एक खर्चाचा भाग आहे, वहीत लिहीत नाही इतकंच. आणि पुढच्या वर्षी त्यानं द्राक्षबाग वाढवली, लांबचा बाजार धरला, तर हाच हिशेब उलटेल. तेव्हा त्यानं जरूर डिझेल घ्यावी. मात्र ठरवावं ते वही बघून. पंपावरच्या पाटीवर डिझेल स्वस्त दिसतं म्हणून मी ठरवलं होतं, आणि सात वर्षांचा हिशेब दोन वर्षांत मोडला.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : सीएनजीचं काय? तुम्ही त्याबद्दल बोललाच नाहीत.*

बरोबर. नाशकात सीएनजी मिळतो आणि छोट्या टेम्पोला किलोमीटरमागे खर्च पेट्रोलपेक्षा कमी येतो. पण दोन गोष्टी बघा. टाकीचं वजन पासिंगमधून वजा होतं, म्हणजे कॅरेट कमी बसतात. आणि पंप तुमच्या रोजच्या वाटेवर आहे का? लिलावाची वेळ गाठायची असताना रांगेत तासभर गेला तर वाचलेले पैसे भावात जातात. रोज शहरात फिरणाऱ्याला सीएनजी चांगला. वहीत त्याचाही एक रकाना करा.

*प्रश्न : जुनी डिझेल पिकअप घेतली तर हप्ता निम्मा होईल ना?*

होईल, आणि मग २३० दिवसांचा आकडाही खाली येईल. पण इंजेक्टर, टर्बो आणि क्लच तपासल्याशिवाय घेऊ नका. सकाळी थंड इंजिन सुरू करून बघा, आदल्या मालकानं गरम करून ठेवलेलं नको. बीएस-६ गाडी असेल तर फिल्टर काढून टाकलेला नाही ना, हेही पाहा. ‘काढला की अ‍ॅव्हरेज वाढतं’ असं सांगणारे भेटतील. ते बेकायदा आहे, आणि तो धूर आधी आपल्याच घरच्यांच्या छातीत जातो.

*प्रश्न : एका वाक्यात सांगा सर, कोणी घ्यावी?*

ज्याची गाडी भरून जाते, लांब जाते आणि वर्षभर जाते, त्यानं घ्यावी. तिन्हींपैकी दोन जमत असतील तर वही काढा. एकच जमत असेल तर आहे ती गाडी नीट सर्व्हिस करून घ्या.